मॅग्रीटचा घोडा झाडांच्या पुढे आहे की मागे? कागदात कापायला घेतला आणि अडले

कात्रण

नमस्कार. प्रश्न चित्राबद्दल आहे, पण मी चित्रकार नाही. मी कागद कापते. जाड कागदाचे पाच-सहा थर कापायचे, दोन थरांत बोटभर अंतर ठेवून ते लाकडी खोक्यात एकामागे एक बसवायचे आणि मागून दिवा लावायचा, असे देखावे मी आठ-नऊ वर्षं करते आहे. पुढे गवत, मग झाडं, मग माणसं, शेवटी आकाश. या कामात खरा प्रश्न एकच: कोण पुढे आणि कोण मागे? ते ठरलं की उरतं ते हाताचं काम.

गेल्या महिन्यात रेने मॅग्रीट या बेल्जियन चित्रकाराचं 'ल ब्लाँ-सँ' हे १९६५ सालचं चित्र घेतलं. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. उंच, सरळ खोडांचं रान आहे. त्यातून एक बाई घोड्यावर बसून चालली आहे. तिचा पोशाख जांभळट, घोडा तपकिरी. मागे पानांची दाटी. राक्षस नाही, वितळणारं काही नाही, आकाशातून काही पडत नाही. रानातून एक बाई शांतपणे चालली आहे, एवढंच.

चित्राची छापील प्रत मी कामाच्या टेबलासमोर लावली होती. तीन आठवडे ती रोज नजरेसमोर होती. काहीतरी खटकत होतं, पण कुठे ते बोट ठेवून सांगता आलं नसतं. मग एका संध्याकाळी ट्रेसिंग पेपर लावून खोडांना पेन्सिलीने क, ख, ग अशी नावं द्यायला सुरुवात केली, म्हणजे कुठलं खोड कुठल्या थरात जाणार ते लिहून ठेवता येईल.

पहिलं खोड घोड्याच्या पुढे. ठीक. त्याच्या पलीकडचं मागे, घोडा त्याच्यावरून गेलेला. तेही ठीक. मग एक खोड असं आलं की त्याचा बुंधा मागे, घोड्याच्या पलीकडच्या जमिनीत रोवलेला, पण वर चढताना तेच खोड घोड्याच्या अंगावरून जातं. मी ट्रेसिंग पेपर सरकला असेल म्हणून पुन्हा लावला. सरकला नव्हता. आणि शेवटी जे सापडलं त्याने मी हातातली पेन्सिल खाली ठेवली. दोन खोडांच्या मधे एक उभी मोकळी पट्टी आहे. तिथे घोड्याला अडवणारं काहीच नाही, तिथून घोडा सरळ दिसायला हवा. तिथे पानं दिसतात. मागची, लांबची पानं. म्हणजे माझ्या हिशोबाने जो सगळ्यात शेवटचा थर, तो त्या पट्टीत सगळ्यांच्या पुढे उभा आहे.

ट्रेसिंगच्या कोपऱ्यात मी थरांची यादी लिहीत होते. ती पाच वेळा खोडली. कसाही क्रम लावला तरी एक जागा खोटी पडते.

आता माझे दोन प्रश्न. पहिला अगदी कामाचा: हे कागदात उतरवता येईल का? दुसरा मला जास्त छळतो आहे. युक्ती कळली की जादू संपते असा माझा अनुभव. पण इथे मला प्रत्येक चूक कुठे आहे ते आता पाठ आहे, तरी प्रत बघितली की पुन्हा तेच होतं. बाई चालली आहे, घोडा अख्खा आहे, रान खरं आहे, आणि पोटात तोच हलका झोका जातो जो स्वप्नात जिन्याची पायरी चुकल्यावर जातो. सगळं साधं असताना हे स्वप्नासारखं का वाटतं?

जुना चष्मा

कात्रणताई, चित्रकलेच्या वर्गात अनेक वर्षं शिकवलं आहे, त्यामुळे पहिल्यांदा तुमच्या ट्रेसिंगचं मनापासून कौतुक करतो. या चित्राकडे बघायची हीच खरी रीत. नुसतं 'गूढ आहे' म्हणून पुढे जाणारे पुष्कळ. खोडांना नावं देणारे थोडे.

सपाट कागदावर लांबी-जवळीक दाखवायची जी साधनं आहेत, त्यांत सगळ्यात जुनं आणि भक्कम म्हणजे झाकणं. जी वस्तू दुसरीला झाकते ती पुढची. लहान मूलही घरामागचा डोंगर काढताना हे करतं. मॅग्रीटने नेमक्या याच नियमाला हात घातला, आणि तोही दोन-तीनच ठिकाणी. बाकी चित्रात तो नियम तंतोतंत पाळला आहे. खोडांवरचा उजेड, घोड्याची गोलाई, बाईची बैठक, सगळं शहाण्यासारखं. मेख इथेच आहे. सगळेच नियम मोडले असते तर तुम्ही पहिल्या क्षणी सावध झाला असता. तीन आठवडे फसला नसता.

त्याचं १९३७ चं 'निषिद्ध प्रतिरूप' आठवा, किंवा शोधून बघा. आरशासमोर एक माणूस आपल्याकडे पाठ करून उभा आहे आणि आरशातही त्याची पाठच दिसते. आरसाच खोटा, असं म्हणून आपण मोकळे झालो असतो. पण कट्ट्यावर एक पुस्तक ठेवलेलं आहे आणि त्याचं प्रतिबिंब मात्र बरोबर, उलटं पडलं आहे. म्हणजे आरसा पुस्तकाशी प्रामाणिक आणि माणसाशी नाही. त्या पुस्तकामुळे अंगावर काटा येतो.

झाकण्याची गंमत करणारा मॅग्रीट काही पहिला नाही. विल्यम हॉगार्थ या इंग्रज चित्रकाराचं १७५४ चं एक खोदचित्र आहे, यथादर्शनाच्या, म्हणजे सपाट कागदावर लांबचं-जवळचं नीट दाखवण्याच्या शास्त्राच्या, पुस्तकासाठी केलेलं. त्यात जवळच्या घराची पाटी लांबच्या टेकडीवरच्या झाडांमागे जाते, आणि खिडकीतली बाई आपल्या मेणबत्तीने पार पलीकडच्या टेकडीवरल्या प्रवाशाची चिलीम पेटवते. पण हॉगार्थ त्यातून यथादर्शन न शिकता चित्रं काढणाऱ्यांना टपल्या मारत होता. म्हणून ते चित्र बघताना हसू येतं, स्वप्न पडत नाही. तिथे चूक कुणाची ते ठरलेलं आहे. मॅग्रीटच्या रानात चूक कुणाचीच नाही. बाईला काही झालेलं नाही, घोडा बुजलेला नाही.

आता 'कळलं तरी जात का नाही' याबद्दल. कुंपणाच्या फळ्यांमागे मांजर उभी असली तर आपल्याला मांजरीचे पाच उभे काप दिसत नाहीत. मांजर दिसते. जे झाकलं आहे ते डोळा न विचारता पुरं करतो. हे विचाराने होत नाही, म्हणून विचाराने थांबवताही येत नाही. बेल्जियममध्येच, लूव्हाँला, आल्बेर मिशोत नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी झाकलेले भाग आपण कसे पुरे करतो याच विषयावर १९६४ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. चित्राच्या आदल्याच वर्षी! त्यांचा नि मॅग्रीटचा काही संबंध होता असं मी म्हणत नाही, पण एकाच छोट्या देशात दोन माणसं त्याच काळात त्याच दाराशी उभी होती याचं मला फार अप्रूप वाटतं.

आता तुमच्या पानांच्या पट्टीकडे या. खोडामागे गेलेला घोडा आपण पुरा करतो, कारण खोड त्याला झाकतं. पट्टीत त्याला कुणीच झाकलेलं नाही. तरी आपण तो पुरा करतोच! डोळ्याला सवयच लागलेली असते. एकदा, दोनदा, तीनदा पुरा केला, चौथ्यांदा कारण नसतानाही केला. पोटातला झोका तिथे जातो असं मला वाटतं. आपण पाय टाकतो आणि पायरी नसते.

रात्रपाळी

थोडा वेगळा सूर लावतो, राग नसावा. मला हे चित्र स्वप्नासारखं वाटत नाही. हुशार वाटतं. एकदा गोम सापडली की मी ते चित्र न बघता गोमच बघत बसतो.

त्याच चित्रकाराचं 'प्रकाशाचं साम्राज्य' मात्र मला सोडत नाही. खाली रात्र आहे, झाडं काळी, घराच्या खिडक्या उजळलेल्या, रस्त्यावर एक दिवा. वर लख्ख दिवस, निळं आकाश आणि पांढरे ढग. १९४९ पासून त्याने याची बरीच रूपं रंगवली. मी वर्षानुवर्षं रात्रपाळी केली आहे. सुटून बाहेर पडलो की रोज काही मिनिटं अशी असतात की आकाश उजाडलेलं असतं आणि गल्ली अजून रात्रीतच असते, दिवे चालू. चित्रात तो विरोध खूपच ताणला आहे, मान्य. पण माझ्या ओळखीची वेळ आहे ती. जगाला सकाळ झालेली असते आणि आपला दिवस संपत असतो. त्या चित्रासमोर मला काही सोडवावं लागत नाही. घोड्याच्या चित्रात सतत सोडवत बसावं लागतं.

कागदात कसं कापायचं ते मला सांगता येणार नाही. पण झालं तर बघायला आवडेल.

कोरी पाटी

या धाग्यावर यायला उशीर झाला. दोघांचंही पटतं, पण नावाबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहिते.

'ब्लाँ-सँ' म्हणजे कोरा कागद, ज्यावर आधीच सही केलेली आहे. मजकूर समोरच्याने भरायचा. आपल्याकडे 'कोऱ्या कागदावर सही करून दिली' म्हणतो तेच. इतका मोठा विश्वास की काय लिहाल ते मला मान्य! आता जुना चष्मा यांनी जे लिहिलं ते या नावाशेजारी ठेवून बघा. पट्टीत घोडा नाही. तो आपण भरतो. चित्रकाराने खाली सही करून जागा कोरी सोडली आहे. माझं हे वाचन थोडं ओढूनताणून असेल, कारण मॅग्रीटला नावाने चित्राचा उलगडा झालेला मुळीच नको असे. नावं कितीदा त्याचे कवीमित्र सुचवत, आणि जे नाव चित्राला बंद करून टाकेल ते नाकारलं जाई. नाव चित्राच्या शेजारी उभं राहावं, त्याच्या डोक्यावर बसू नये, असा काहीसा त्याचा आग्रह. तरी मला हे नाव या चित्राला फार शोभतं असं वाटतं.

चित्राबद्दल तो स्वतः जे बोलला त्याचा आशय असा: दिसणाऱ्या गोष्टी लपूही शकतात. रानातून कुणी घोड्यावर जात असेल तर ते दिसतं, मग दिसत नाही, पण ते तिथे आहे हे आपल्याला ठाऊक असतं. इथे स्वार झाडांना लपवते आणि झाडं तिला. आपला विचार मात्र दिसणारं आणि न दिसणारं दोन्ही धरून ठेवतो, आणि तो विचारच डोळ्यांना दिसावा म्हणून मी रंगवतो. हे वाचल्यावर मला चित्रातला वेळ दिसायला लागला. घोडा चालतो तेव्हा एका क्षणी खोडाआड, पुढच्या क्षणी खोडापुढे असं होतंच. कदाचित हे सगळे क्षण एकाच कागदावर मुक्कामाला आले आहेत. तसं पाहिलं तर पट्टीतली पानं म्हणजे घोडा तिथे पोचण्याआधीचा किंवा तिथून गेल्यानंतरचा क्षण. हे माझं, त्याचं नव्हे.

आणखी एक धागा आहे जो मला सगळ्यांत जास्त हलवतो. १९२६ मध्ये, वयाच्या अठ्ठाविशीच्या सुमाराला, त्याने 'हरवलेला जॉकी' केलं. कठड्याच्या कातीव लाकडी खांबांसारख्या झाडांमधून एक स्वार घोडा फेकत निघाला आहे. खऱ्या अर्थाने आपलं पहिलं अतिवास्तववादी (सररिअलिस्ट) चित्र तो यालाच मानत असे. त्या वर्षांत तो कात्री घेऊन बसायचा, कात्रणताई! छापील स्वरलिपीचे कागद कापून तो चित्रांत चिकटवायचा, 'हरवलेल्या जॉकी'च्या एका रूपातली झाडंसुद्धा तशीच कापलेली आहेत. त्याआधी त्याने भिंतीला लावायच्या कागदांच्या कारखान्यात नक्षी काढायची नोकरी केली होती. म्हणजे कागद सपाट असतो, एकावर एक बसतो आणि खालचं झाकतो, हे त्याच्या बोटांना माहीत होतं. मग जवळजवळ चाळीस वर्षांनी, १९६५ मध्ये, पुन्हा रान, पुन्हा घोडा, पुन्हा स्वार. या वेळी धावत नाही, हरवलेला नाही. चालत जाते आहे. १९६७ च्या ऑगस्टमध्ये तो गेला. या दोन चित्रांच्या मधे आख्खं आयुष्य आहे.

रात्रपाळी, स्वप्नाबद्दल तुमचं म्हणणं समजलं. फ्रेंच कवी आंद्रे ब्रताँने १९२४ मध्ये या चळवळीचा जाहीरनामा लिहिला तेव्हापासून अतिवास्तववाद म्हणजे स्वप्न हे समीकरणच झालं. पण मॅग्रीट त्यातला नव्हता. झोपेतून उठून स्वप्न कागदावर उतरवणारा तो नाही. सूट घालून, घरातल्याच खोलीत चित्रफलक मांडून, हिशोबाने रंगवणारा माणूस. त्याचं म्हणणं असं की माझ्या चित्रांतली स्वप्नं झोपवणारी नाहीत, जागं करणारी आहेत. तुम्ही पहाटे सुटून बाहेर येता, आकाश बघता आणि थबकता. तो त्याच थबकण्याबद्दल बोलत असावा.

कात्रण

इतकं मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, मी कालपासून पुन्हापुन्हा वाचते आहे. त्याने स्वतः कागद कापले होते हे मला माहीत नव्हतं. वाचून उठले आणि प्रतीसमोर उभी राहिले.

रात्रपाळी, तुमचं सोडवत बसण्याबद्दलचं म्हणणं मनात ठेवून पुन्हा पाहिलं. तुम्ही म्हणता ते माझ्या बाबतीतही दोन दिवस झालं होतं. नुसती पट्टी दिसत होती. मग ते गेलं. कसं गेलं तेही सांगते. ट्रेसिंग करताना मी बाईकडे बघतच नव्हते, फक्त कडा बघत होते. नंतर एकदा तिच्याकडे पाहिलं. ती कुठेच अडखळलेली नाही. तिच्या घोड्याचा मधला तुकडा पानांमागे गेला आहे, एक झाड तिच्याशी खोटं बोलतं आहे, आणि ती पुढे बघत चालली आहे. माझ्या स्वप्नांत मी अशीच असते. घर माझं असतं आणि माझं नसतं, बोलणारी व्यक्ती आधी एक असते मग दुसरी होते, आणि मला त्याचं काहीच वाटत नाही. मी आपली कपडे वाळत घालत असते. वाटतं ते उठल्यावर. म्हणजे चित्रात ती झोपेत आहे आणि उठलेली मी, असं काहीतरी. जुना चष्मांनी 'घोडा बुजलेला नाही' हे एका वाक्यात लिहिलं आणि पुढे गेले, मला ते सगळ्यांत मोठं वाटलं. घोडा बुजला असता तर हे भुताचं रान झालं असतं.

माझा पहिला प्रश्न अजून तसाच आहे. थर लावून होत नाही हे पक्कं. पानांचा थर पुढे आणला तर सगळा घोडा झाकतो. पट्टीपुरती पानं वेगळी कापून पुढे चिकटवली तर दिसतं बरोबर, पण ते मला पटत नाही. ती मागची पानं राहत नाहीत. पुढे आणून लावलेलं ठिगळ होतं.

वेताची विण

तुम्ही थर म्हणता तिथेच अडकता आहात असं वाटतं. मी खुर्च्यांच्या बैठका विणतो. आमच्याकडे पुढचा थर आणि मागचा थर असं काही नसतंच. एकच पट्टी या घराला वर असते, पुढच्या घराला खाली जाते, पुन्हा वर येते. कुठली पट्टी पुढे असं विचारलंत तर मला सांगता येणार नाही. कुठे विचारता ते सांगा.

तुमच्या त्या खोडाचं घ्या, ज्याचा बुंधा मागे आणि अंग पुढे. घोड्याच्या कागदाला खोडाच्या रुंदीची आडवी चीर द्या, खोड त्यातून ओवून घ्या. खाली मागे राहील, वर पुढे येईल. पानांच्या पट्टीलाही तेच, फक्त उलट. पानांच्या कागदाला दोन उभ्या चिरा पाडा आणि घोड्याचा तेवढा भाग एका चिरेतून मागे घालून दुसरीतून पुढे काढा. समोरून पानं दिसतील. ती मागचीच पानं असतील, जागची हललेली नसतील. घोडाच त्यांच्या मागे गेलेला असेल.

दोन गोष्टी सांभाळा. कागद वाकणारा हवा, कडक चालणार नाही. आणि चीर जिथे संपते तिथे आधी लहानसं गोल भोक पाडा, नाहीतर ओढताना चीर पुढे फाटत जाते.

जुना चष्मा

वेताची विण यांना दाद! मी 'अशक्य' हा शब्द वर्गात किती सहज वापरत आलो. अशक्य ते सरळ उभ्या, ताठ थरांसाठी होतं. वाकायला तयार असलेल्या कागदाला ते लागू नाही, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. कात्रणताई, कापा आणि सांगा.

कात्रण

बारा दिवसांनी लिहिते आहे. झालं.

पहिला घोडा गेला. माझ्याकडे नेहमीचा जाड कागद होता, त्यातच केला. मागे घालताना घडीवर पांढरी रेघ उमटली आणि चीर वरपर्यंत फाटली. भोक पाडायचं तुमच्या उत्तरात वाचलं होतं, पण घाईत ते राहून गेलं. दुसऱ्या वेळी पातळ कागद घेतला, चिरेच्या दोन्ही टोकांना जाड सुईने भोक पाडलं, कडा नखाने दाबून गुळगुळीत केल्या. खोड ओवताना काही त्रास झाला नाही. सरळ गेलं, बुंधा मागे टेकला आणि वरचं अंग घोड्यावर आलं. ते जागेवर बसलं तेव्हा मी एकटीच होते आणि मोठ्याने 'हां' म्हटलं.

पानांच्या पट्टीला दोन संध्याकाळी गेल्या. पानांचा कागद मी नेहमी सगळ्यांत पातळ घेते, उजेड झिरपावा म्हणून. त्याला चिरा पाडल्या की तो लोंबतो. शेवटी वरखाली पातळ काड्या चिकटवून ताणून बसवला. मग घोडा आत घातला, दुसऱ्या चिरेतून टोक चिमट्याने धरून हळूहळू बाहेर ओढलं. समोरून बघितलं तर मॅग्रीटचं चित्र. खोडं, मग पानं, मग पुन्हा घोडा, मधे काहीच नसल्यासारखं.

बाजूने बघितलं तर तो घोडा नागमोडी झालेला आहे. एका खोडासाठी पुढे, दुसऱ्यासाठी मागे, पट्टीपाशी पार मागे. समोरून जो इतका ताठ, शांत चालतो त्याला तसं दिसण्यासाठी आत किती वळावं लागलं ते बाजूनेच कळतं. खोक्याची एक बाजू मी आता बंद करणार नाही, काच लावणार आहे.

पुढचं मात्र माझ्या ध्यानीमनी नव्हतं. खोकं उलटं करून मागची फळी बसवायला घेतली आणि पानांच्या कागदाच्या पाठीवर, मधोमध, दीड बोट रुंद तपकिरी तुकडा दिसला. चित्रात नसलेला घोडा. साठ वर्षं ज्या जागी सगळ्यांना पानं दिसतात तिथला. मी तो जराही रंगवलेला नव्हता. कागदच तपकिरी होता, आकार घोड्याच्या अंगाचा आपोआप आलेला. त्यावर हात फिरवून बघितला.

मग फळी लावली, दिवा जोडला आणि पेटवला. पानं पातळ कागदाची आहेत, उजेड त्यांतून येतो, आणि तो तुकडा दिव्याच्या नि पानांच्या मधे. त्याची सावली पानांवर पडली. पट्टीत घोडा आला! फिकट, कडा जरा पसरलेल्या, पण दोन्ही बाजूंच्या घोड्याला नेमका जुळणारा. पहिल्यांदा वाईट वाटलं, सगळी मेहनत दिव्याने घालवली म्हणून. मागे चांदीचा कागद लावून बघितला, पानांचा कागद दुहेरी करून बघितला. दुहेरी केला की पानं मेल्यासारखी दिसतात. काढून टाकला.

रात्रपाळी, तुम्ही बघायला आवडेल म्हणालात म्हणून दोन्ही फोटो टाकते आहे, एक दिव्यासकट, एक दिव्याविना. दिवा लावला की घोडा पुरा होतो, मालवला की तिथे पुन्हा पानं. बटण आधी आत होतं, ते आता बाहेर काढून उजव्या बाजूला बसवलं आहे, हात सहज पोचेल असं.